ट्रॉलीची मागची बाजू

ट्रॅक्टर-ट्रॉली घेतली की मालक आधी देवाला नारळ फोडतो, मग माझ्याकडे येतो. गुंजी, नंदगड, लोंढा या पट्ट्यातल्या कितीतरी ट्रॉल्यांच्या फाळक्यावर ‘श्री माउली प्रसन्न’ माझ्याच हातचं आहे. माउलीची अक्षरं वीतभर हवी असतात. रेडियमच्या पट्टीचं विचारलं की मात्र, “ऱ्हाऊ दे की पेंटर, मागनं बघू.” हे ‘मागनं बघू’ आमच्या सडकेवर ट्रॅक्टरच्याही आधीपासून आहे.

माझे वडील बैलगाडीवाले. जंगलातलं लाकूड स्टेशनावर आणून टाकायचं हा त्यांचा धंदा. सदर्न मराठा रेल्वेचा रूळ १८८०च्या दशकात या भागात आला, तेव्हापासून गाडीवाल्यांना हे काम मिळत आलेलं. रात्री गाड्या एकामागून एक चालायच्या. पुढच्या गाडीवरचा जागा, बाकीचे साट्यावर आडवे. बैलांना वाट पाठ. आसाला कंदील टांगलेला असायचा, पण काजळी धरलेल्या काचेतून त्याचा उजेड बैलाच्या मागच्या पायांपलीकडे जात नसे. गाडी ओळखू यायची ती आवाजानं. खडीवर लोखंडी धाव खडखडायची, घुंगुरमाळा वाजायच्या. समोरून येणाराही बैलगाडीवालाच, म्हणजे तोही कानानंच रस्ता बघणारा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आमचा बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. चौकीवरची भाषा बदलली, बिनकंदिलाची गाडी अडवायची सवय तेवढी तीच राहिली.

मग रबरी टायरची गाडी आली. बैलांचा भार हलका झाला आणि माल जास्त मावू लागला. संकेश्वर-निपाणीकडे साखर कारखाने झाले तशी उसाला हीच गाडी पसंत पडली. पण धाव गेली आणि तिच्याबरोबर आवाजही गेला. तोवर सडकेवर लॉऱ्या आणि एस.टी. धावू लागल्या होत्या. इंजिनाच्या घरघरीत बसलेल्या ड्रायव्हरला घुंगुर कुठले ऐकू येणार? त्याला डोळ्यांनी दिसेल असं काहीतरी गाडीच्या मागं हवं होतं. तिथं होता तोच कंदील.

१९६०च्या दशकाच्या सुरुवातीला आयशर, टॅफे, महिंद्र यांचे ट्रॅक्टर आपल्या देशात तयार व्हायला लागले. आमच्या भाताच्या खाचरांत ते जरा उशिरा उतरले. इथं चिखलणीला लोखंडी केजव्हील लागतं, आणि ती चाकं डांबरी रस्त्यावर चढवली की रस्ता फाटतो. पण नांगरटीपेक्षा ट्रॅक्टरला काम मिळालं ते ओढायचं. खानापूरच्या विटा आणि कौलं, वाळू, भात, लग्नाचं वऱ्हाड आणि शेवटी ऊस.

आता खरी गोम सांगतो. ट्रॅक्टर कारखान्यातून पुढचे-मागचे दिवे घेऊनच येतो. त्याला ट्रॉली जोडली की मागचे दिवे तिच्याआड जातात. आणि ट्रॉली बऱ्याचदा ट्रॅक्टरच्या कंपनीची नसते. ती तालुक्याच्या वेल्डिंगच्या दुकानात चॅनेल-पत्रा कापून तयार होते. तिथं हुक मजबूत हवा, पाटे दणकट हवेत. दिव्याची वायर ओढली काय, न ओढली काय. म्हणजे मागून येणाऱ्याला जी बाजू दिसते, ती ना ट्रॅक्टरवाल्याची, ना वेल्डरची. ती उरते पेंटरला. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत मागच्या बाजूला डावी-उजवीकडे लाल रिफ्लेक्टर लावायला सांगितलंय. ट्रॉलीला वेगळा नंबरही घ्यावा लागतो, म्हणून केए २२ची पाटी मी दोनदा रंगवतो. पण त्याच नियमांत शेतीचा ट्रॅक्टर म्हणजे वाहतुकीचं वाहन नव्हे, असंही लिहिलंय. गळिताच्या हंगामात दिवसरात्र सडकेवर असणाऱ्या गाडीला हे म्हणायचं, म्हणजे कमालच.

संथ गाडी मागून ओळखू न येण्याचा हाच घोळ अमेरिकेतही झाला होता. ओहायो स्टेट विद्यापीठातल्या केनेथ हार्कनेस नावाच्या शेती इंजिनिअरनं १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यावर मन लावून काम केलं आणि एक त्रिकोण काढला. मधे झगझगीत नारिंगी, कडेला लाल चमकता पट्टा. नारिंगी दिवसा डोळ्यात भरतो, लाल पट्टा रात्री दिव्यात पेटतो. त्रिकोण दिसला की पुढचं वाहन संथ आहे, एवढंच समजायचं. १९६४मध्ये तिथल्या शेती इंजिनिअरांच्या संस्थेनं त्याला प्रमाण मानलं. आमच्याकडे तो रुळला नाही. हिशोब मात्र इथंही तोच आहे. भरलेली ट्रॉली तासाला २० किलोमीटरनं जाते, मागची मोटार ८०नं येते. शंभर मीटरचं अंतर सहा सेकंदांत संपतं.

आम्ही ज्याला रेडियम म्हणतो, त्या कागदात काचेचे बारीक मणी असतात. ज्या दिव्याचा उजेड पडला त्याच्याकडेच ते तो परत धाडतात. थ्री-एम कंपनीनं असा कागद १९३०च्या दशकाच्या शेवटी रस्त्याच्या पाट्यांसाठी आणला. त्याला बॅटरी लागत नाही आणि वायरही. आमच्या ट्रॉलीला यापेक्षा सोयीचं काय असणार? कारण वायर टिकतच नाही. डबल ट्रॉली असेल तर ती दोन हुकांवरून न्यावी लागते, पाचटात अडकून तुटते. बॅटरीवर टेप जोरात चालू असतो, तो मात्र कधी बंद पडत नाही.

उसाची गोष्ट आणखी वेगळी. वाडं फाळक्याच्या बाहेर हातभर लोंबतं आणि मी लावलेली पट्टी त्याखाली गुडुप. म्हणून हल्ली साखर कारखाने गळीत हंगामाच्या तोंडावर कापडी रिफ्लेक्टर देतात. तो उसाच्या मोळ्यांवरच बांधायचा. ही मला सगळ्यांत शहाणपणाची युक्ती वाटते. ज्यानं काढली त्यानं भरलेली ट्रॉली मागून बघितलेली असणार. गाडी रिकामी झाली की ड्रायव्हर ते कापड घामाला वापरतात, ही वेगळी गोष्ट.

ड्रायव्हरला शिव्या घालणं सोपं आहे. तो खेपेवर पैसे मिळवतो, गव्हाणीपुढच्या रांगेत झोप उरकतो आणि गाडी त्याची नसते. गाडी ज्याची, त्यानं बघायला पाहिजे.

तेव्हा मालकांनो, ट्रॉली दसऱ्याच्या आधी आणा. मागं लाल, बाजूला पिवळी, पुढं पांढरी पट्टी लागते. माउलीची अक्षरं जरा वर घेऊ, खाली जागा होते. आणि फाळका धुऊन, वाळवून आणा. चिखलावर रेडियम चिकटत नाही.