स्तन कर्करोगाचे त्वरित निदान : मुंबईतील चाचणी

स्तनातील कर्करोगाची गाठ प्रारंभी बहुधा वेदनारहित असल्यामुळे दुर्लक्षित राहते. ती लहान असतानाच ओळखल्यास उपचार अधिक परिणामकारक ठरतात. स्तनांची क्ष-किरण तपासणी खर्चिक असल्याने मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ मध्ये इंद्रनील मित्रा यांच्या नेतृत्वाखाली हाताने करावयाच्या तपासणीची दीर्घकालीन चाचणी हाती घेतली. तीत झोपडपट्ट्यांतील ३५ ते ६४ वर्षे वयाच्या १,५१,५३८ स्त्रियांचा समावेश होता. सुमारे निम्म्या स्त्रियांना प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, असे चार वेळा तपासले व रोगाची माहिती दिली; इतरांना केवळ एकदा माहिती देण्यात आली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तपासलेल्या गटात रोग अगोदरच्या अवस्थेत आढळला. पन्नाशीपुढील स्त्रियांतील या रोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. त्याहून तरुण स्त्रियांत मात्र मृत्यूंचे प्रमाण लक्षणीय घटले नाही.