एकोणीस विरुद्ध अठरा

खेळांच्या इतिहासांत विक्रम म्हटला कीं पराक्रम आठवतो. परंतु अमेरिकेंतील धंदेवाईक बास्केटबॉलच्या दप्तरीं एक विक्रम असा आहे कीं, तो खेळाडूंनीं बव्हंशीं न खेळून केला. २२ नोव्हेंबर १९५० रोजीं मिनियापोलिस येथील ऑडिटोरियममध्यें फोर्ट वेन पिस्टन्स या संघानें मिनियापोलिस लेकर्सचा १९ विरुद्ध १८ गुणांनीं पराभव केला. राष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेच्या सामन्यांत दोन्ही संघांची मिळून इतकी अल्प गुणसंख्या पुन्हां कधींहि झालेली नाहीं.

फोर्ट वेनला दोष देण्यापूर्वीं त्यांच्यापुढील संकट पाहिलें पाहिजे. लेकर्स हे लागोपाठ दोन वर्षांचे अजिंक्य वीर. त्यांचा जॉर्ज मायकन सहा फूट दहा इंच उंच; तो टोपलीखालीं उभा राहिला म्हणजे प्रतिपक्षाची निम्मी उमेद खचत असे. अशा संघाला त्याच्याच गांवीं उघड्या खेळांत जिंकणें दुरापास्त होतें. तेव्हां फोर्ट वेनचे मार्गदर्शक मरे मेंडेनहॉल यांनीं निराळा हिशेब मांडला : चेंडू आपल्या हातीं आहे तोंपर्यंत मायकनचें कांहीं चालत नाहीं. त्यांचे खेळाडू टोपलीपासून दूर चेंडू धरून उभे राहिले. सात हजारांवर प्रेक्षक ओरडत होते. चेंडू पुढें सरकेना. पंचहि निरुपाय झाले, कारण अमुक वेळांत चेंडू टोपलीकडे फेकलाच पाहिजे, असें नियमांत कोठेंच म्हटलेलें नव्हतें. आपल्याकडील हुतूतूंत चढाई करणाराचा दम हेंच घड्याळ असतें; दम सुटण्यापूर्वीं त्याला परतावेंच लागतें. बास्केटबॉलला असा दम नव्हता.

अठ्ठेचाळीस मिनिटांत खेळतांना चेंडू टोपलींत पडला तो अवघा आठ वेळां; बाकीचे गुण दंडाच्या फेकींचे. लेकर्सच्या अठरांपैकीं पंधरा एकट्या मायकनचे. शेवटच्या बारा मिनिटांत पाहुण्यांनीं तीन आणि यजमानांनीं एक गुण मिळविला. कांहीं सेकंद उरले असतां लॅरी फाउस्टनें चेंडू टोपलींत टाकला आणि निकाल लागला. डाव बिनतोड होता. तिकीट काढून आलेल्यांच्या पदरीं मात्र निराशा पडली.

यानंतरहि संघटनेनें जवळजवळ चार वर्षें दवडलीं. आघाडीवरच्या संघानें चेंडू दडवावा आणि पिछाडीवरच्यानें तो सोडविण्यासाठीं मुद्दाम नियमभंग करावा, असा प्रकार बोकाळला. मार्च १९५३ मध्यें बोस्टनच्या बॉब कूझीनें सिराक्यूजविरुद्ध पन्नास गुण केले, त्यांतील तीस दंडाच्या फेकींचे! १९४९-५० च्या हंगामांत सतरा संघ होते, ते १९५३-५४ मध्यें नऊ उरले. या ओहोटीला इतरहि कारणें होतीं; पण असला खेळ पाहावयास लोकांनीं पुन्हां पुन्हां कां यावें?

उपाय सुचला तो सिराक्यूज संघाचे मालक डॅनी बियासोन यांना. इटलींत जन्मलेला हा गृहस्थ बोलिंगच्या खेळाचा धंदा चालवीत असे. ज्या सामन्यांत मन रमतें त्यांत प्रत्येक संघ साधारणतः साठ वेळां नेम धरतो, हें त्यांनीं हेरलें होतें. सामन्याचे सेकंद २८८०, दोन्ही संघांच्या फेकी १२०. भागाकार आला २४. इतक्या सेकंदांत चेंडू टोपलीकडे फेकावा, नाहींतर प्रतिपक्षाच्या स्वाधीन करावा. शाळकरी मुलालाहि सुटणारें हें गणित १९५४ च्या हंगामापासून नियम झालें, आणि एका संघाची सरासरी गुणसंख्या ७९ वरून ९३ वर गेली.

त्याच हंगामाच्या अंतिम झुंजींत, एप्रिल १९५५ मध्यें, बियासोन यांच्या सिराक्यूजपुढें उभा राहिला तो फोर्ट वेनचाच संघ. सातव्या व निर्णायक सामन्यांत फोर्ट वेननें सतरा गुणांची आघाडी घेतली होती. पूर्वीं त्यांनीं ती चेंडू कवटाळून राखली असती. आतां दर चोवीस सेकंदांनीं चेंडू सोडणें प्राप्त होतें. सिराक्यूजनें तो सामना ९२ विरुद्ध ९१ असा एका गुणानें जिंकला.