टिपूची लंडनी चित्रे

टिपू सुलतान म्हटले की डोळ्यांसमोर येणारी बरीच जुनी चित्रे लंडनची आहेत. तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरायचे, खाचांत शाई भरायची, ओलसर कागद ठेवून यंत्राखाली दाबायचा. एका पत्र्यातून शेकडो प्रती निघत आणि तिकडच्या दिवाणखान्यांत टांगल्या जात.

चितारी मंडळींचा आवडता प्रसंग फेब्रुवारी १७९२ चा. श्रीरंगपट्टणच्या तहात टिपूचे अर्धे राज्य गेले, वर तीन कोटी तीस लाख रुपये बसले. त्याची हमी म्हणून त्याचे दोन लहानगे मुलगे, अब्दुल खालिक आणि मुइझुद्दीन, ओलीस म्हणून कॉर्नवॉलिसच्या छावणीत आले. चित्रांत पाहा, कॉर्नवॉलिस किती मायेने त्यांचे स्वागत करतो! लेकरे बापापासून तोडणारा माणूस कागदावर स्वतःच बाप झाला. पण आपण फार नाके मुरडू नयेत. हरिपंत फडके मराठी फौजेसह याच मोहिमेत होते आणि घेतलेल्या मुलखाचा तिसरा वाटा पेशव्यांना मिळाला.

रॉबर्ट होम हा चित्रकार निदान त्या छावणीत हजर होता. हाच विषय रंगवणाऱ्या मॅथर ब्राउनने हिंदुस्थान कधी पाहिलाच नाही. ४ मे १७९९ रोजी टिपू पडला. त्याचे प्रेत रात्री मशालींच्या उजेडात मुडद्यांच्या ढिगातून शोधून काढावे लागले. हेन्री सिंगलटनने लंडनमध्ये बसून ती शेवटची झुंज रंगवली, तीही कोरून छापली गेली. रॉबर्ट केर पोर्टर या जेमतेम तेवीस वर्षांच्या पोराने तर १८०० साली किल्ल्यावरील हल्ल्याचे सुमारे एकशेवीस फूट लांब चित्र लंडनमध्ये तिकीट लावून दाखवले. तो कापडी पसारा उरला नाही. वेंद्रामिनीने त्यावरून कोरलेल्या चित्रांच्या प्रती मात्र आजही संग्रहालयांत आहेत.

टिपूनेही आपली बाजू चितारून घेतली होती. श्रीरंगपट्टणच्या दर्या दौलत बागेतील भिंतीवर १७८० ची पोल्लिलूरची लढाई आहे. दारूगोळ्याची गाडी उडते आहे, इंग्रज सेनानी बेली पालखीत बोट चावत बसला आहे आणि टिपू निवांत गुलाब हुंगतो आहे. मला विचाराल तर लंडनच्या साऱ्या गठ्ठ्यापेक्षा यात जीव अधिक आहे. पण भिंतीच्या प्रती निघत नाहीत. टिपूच्या मृत्यूनंतर वेलस्ली त्याच महालात राहिला. रंग उडालेले ते चित्र, आपल्याच पराभवाचे असूनही, इंग्रजांनीच पुन्हा रंगवून घेतले.