वीजपुरवठ्याच्या भरवशाचे गणित

ग्राहकाला वीज अखंड मिळेल की नाही, या प्रश्नाला गणिती उत्तर देण्याचा प्रयत्न अमेरिकेत १९३० नंतरच्या दशकात सुरू झाला. तत्पूर्वी राखीव शक्ती किती असावी हे अनुभवाने ठरे. सर्वांत मोठे जनित्र बंद पडले तरी निभावेल एवढी तरतूद असली की अभियंते निश्चिंत असत. १९४७ साली जुझेप्पे कालाब्रेझे यांच्या निबंधाने या व्यवहाराला संभाव्यताशास्त्राची पक्की बैठक दिली.

पद्धतीचे मर्म साधे आहे. सर्व भार एकटे पेलू शकेल अशी दोन जनित्रे घ्या. प्रत्येक जनित्र बिघाडामुळे २ टक्के काळ बंद राहत असेल, तर दोन्ही एकाच वेळी बंद असण्याची संभाव्यता ०.०४ टक्के, म्हणजे वर्षाच्या ८,७६० तासांपैकी सुमारे साडेतीन तास. परंतु एका जनित्राच्या बिघाडाचा दुसऱ्याच्या बिघाडाशी संबंध नाही, असे येथे गृहीत धरलेले असते, आणि पुढे घात झाला तो याच ठिकाणी.

९ नोव्हेंबर १९६५ रोजी सायंकाळी कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात, नायगाराजवळील सर अ‍ॅडम बेक केंद्रात एका रिलेने उत्तरेकडे जाणारी एक वाहिनी तोडली. रिलेची मर्यादा १९६३ मध्ये ठरविलेली होती. दरम्यान भार वाढला होता. तुटलेल्या वाहिनीचा भार उरलेल्या चार वाहिन्यांवर पडला व त्याही काही सेकंदांत तुटल्या. सुमारे ३ कोटी लोक अंधारात गेले. न्यूयॉर्कच्या काही भागांत तो तेरा तास टिकला. यंत्रे पुरेशी होती. बिघाड मात्र स्वतंत्र नव्हते. आपल्याकडे ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेच्या भूकंपाने हेच निराळ्या रीतीने दाखविले. भूमिगत विद्युत्‌गृह एका धक्क्याने बंद पडले आणि थेट मुंबईचा पुरवठा खंडित झाला.

तथापि सामान्य ग्राहकाचा अंधार बहुधा इतक्या दुरून येत नाही. त्याच्या घरापर्यंत एकच फीडर, एकच रोहित्र, एकच तार असते. अशा एकेरी मार्गावर संभाव्यतांचा गुणाकार होत नाही. प्रत्येक दुव्याचे बंद तास जवळजवळ बेरजेने वाढत जातात. केंद्राच्या भरवशावरून ग्राहकाचे भाकीत करणे म्हणूनच फसवे ठरते.

पुढे ग्राहकनिहाय खंडित तासांची सरासरी हा निर्देशांक रूढ झाला. तो उपयुक्त खराच. पण हजार ग्राहकांपैकी दहाजण शंभर तास अंधारात असले तरी सरासरी एक तासच भरते, आणि ते दहाजण बहुधा लांबच्या फीडरच्या शेवटी राहतात. भारताच्या २००३ च्या विद्युत अधिनियमाने कलम ५७ अन्वये सेवेची मानके मोडल्यास भरपाई ठेवली आहे, आणि ती बाधित व्यक्तीस द्यावयाची असते.