मांजर, प्लेग आणि अंघोळीचं पाणी

मंडळी, मागच्या व्याख्यानानंतर एका बाईंनी मला दारातच गाठलं. म्हणाल्या, "सर, तत्त्वज्ञान राहू द्या, घरच्या मांजराला अंघोळ घालायची की नाही तेवढं सांगा." आजूबाजूचे हसले, मीही हसलो. घरी गेल्यावर मात्र हसू आलं नाही, कारण याच अंघोळीपायी आमची मनी मरता मरता वाचली होती. ते पुढे सांगतोच. आधी थोडं मागे जाऊ.

मांजर शुद्ध की अशुद्ध, हा घोळ आपल्याकडे जुना आहे. मनुस्मृतीत मांजराचं उष्टं खाल्लं तर प्रायश्चित्त आहे, आणि मांजर मारलं तरी प्रायश्चित्त आहे. गुरू आणि शिष्य यांच्या मधून मांजर गेलं, तर एक दिवस आणि एक रात्र अध्ययन बंद. (माझ्या विद्यार्थ्यांना हा नियम माहीत नव्हता हे माझं नशीब, नाहीतर त्यांनी वर्गातच मांजर पाळलं असतं.) इस्लामी परंपरेत उलट आहे. मांजर तुमच्या घरात वावरणारं आहे, ते अपवित्र नाही, त्याने तोंड लावलेल्या पाण्याने वुजू करता येतो, असं हदीसमध्ये आहे. मोमिनपुऱ्यातले माझे एक जुने स्नेही हे मला मोठ्या अभिमानाने सांगत. दोन्हीकडे मांजराबद्दल बरंच काही सांगितलंय, पण त्याला धुऊन शुद्ध करून घ्या, असं सांगितलेलं माझ्या वाचनात आलं नाही.

मग मांजराला अंघोळ हवीच आणि त्या पाण्यात उग्र वासाचं औषध हवंच, हे आपल्या डोक्यात आलं कुठून? माझ्या मते ते प्लेगातून आलं.

1896 च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग उघडकीला आला. रोग घाणीतून आणि दुर्गंधीतून येतो अशी तेव्हाची समजूत. म्हणून गटारांमधून समुद्राचं पाणी आणि कार्बोलिक ॲसिड सोडलं, घरांच्या भिंती औषधाने धुतल्या. प्लेग काही थांबला नाही. पुण्यात काय झालं ते आपल्याला पाठच आहे, त्यात शिरत नाही. पण एक गोष्ट मागे राहिली, ती म्हणजे तो वास. उग्र वास आला की जागा स्वच्छ झाली, ही खात्री आपल्या पिढ्यान् पिढ्यांच्या नाकात बसली.

प्लेग खरा पसरत होता पिसवांमुळे. पॉल लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने 1898 साली कराचीत उंदरांवर प्रयोग करून हे दाखवलं. गंमत बघा, प्रयोगासाठी पिसवा कमी पडल्या तेव्हा त्याने त्या एका मांजरावरून पकडून आणल्या होत्या! त्याचं म्हणणं लोकांनी लगेच मानलं नाही. 1905 पासून परळला नव्या प्लेग कमिशनचं काम सुरू झालं आणि त्यानंतर ते पक्कं ठरलं.

आता आपल्या भागाकडे येतो. लेफ्टनंट कर्नल अँड्र्यू ब्यूकॅनन हे नाव इथे किती जणांनी ऐकलंय? फारसे हात वर दिसत नाहीत. लाखोळी डाळ खाऊन पाय लुळे पडतात, त्या आजाराची मध्य प्रांतात पाहणी करून 1904 मध्ये अहवाल देणारा हाच माणूस. पुढे तो अमरावतीला सिव्हिल सर्जन होता. तिथे त्याच्या लक्षात आलं की काही गावांत प्लेग येतो आणि शेजारच्याच काही गावांत येत नाही. त्याने काय करावं? मांजरं मोजली! जिथे घरांच्या मानाने मांजरं भरपूर, तिथे उंदीर कमी आणि प्लेगही कमी, असा त्याचा निष्कर्ष. 1908 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्याने तो मांडला. त्याच वर्षी रॉबर्ट कॉख जपानला गेले होते, त्यांनीही मांजरं पाळा असाच सल्ला दिला.

ब्यूकॅनन पूर्ण बरोबर होता असं मी म्हणत नाही. मांजरालाही प्लेग होतो, आणि उंदराची पिसू मांजराच्या अंगावर बसून घरात येऊ शकते. पण औषध ओतण्याऐवजी गावात फिरून मोजदाद करणारा माणूस मला आवडतो.

माझी आजी अमरावती जिल्ह्यातलीच. लहानपणी प्लेगात गाव सोडून शेतात झोपड्या घालून राहिल्याचं ती सांगायची. तिच्या घरात कायम तीन-चार मांजरं असत. त्यांना तिने कधी पाण्याचा थेंब लावला नाही. मांजर दिवसभर अंघोळच करत असतं, असं ती म्हणे. ते खरंच आहे. मांजराच्या जिभेवर बारीक काटे असतात, तोच त्याचा कंगवा आणि तेच त्याचं पंचा-टॉवेल.

आता मनीचं सांगतो. सात-आठ वर्षं झाली असतील. मे महिना, कूलरसुद्धा गरम हवा फेकत होता. नात सुट्टीला आली होती, तिने मनीला बादलीत बसवलं. मी तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक, मी मदत काय केली? घरातल्या जंतुनाशकाची दोन झाकणं पाण्यात ओतली. पाणी दुधासारखं पांढरं झालं आणि तो ओळखीचा वास सुटला. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाई म्हणाल्या, "आजोबा, मांजर काहून धुऊन राहिले? ते काय चादर आहे का?" मी त्यांना स्वच्छतेवर चार वाक्यं ऐकवली.

मनी उन्हात बसून अंग चाटत राहिली. संध्याकाळी तिच्या तोंडातून लाळ गळायला लागली, मागचे पाय लटपटायला लागले. पशुवैद्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "पाण्यात काय घातलं होतं?" मग त्यांनी समजावलं. ही जंतुनाशकं फिनॉलच्या घराण्यातली. आपलं यकृत ते विष निकामी करून बाहेर टाकतं, मांजराच्या यकृतात ती यंत्रणा फार दुबळी असते. आणि अंगाला जे लागतं ते मांजर चाटून पोटात घेतंच. म्हणजे 1896 चं ते कार्बोलिक, त्याचाच एक वंशज, मी एकशे वीस वर्षांनी माझ्या हाताने मनीवर ओतला होता. उपाय काय, तर पुन्हा अंघोळ! कोमट पाणी, सौम्य साबण, भरपूर खळखळून धुणं, आणि तीन दिवस सलाइन.

तर त्या बाई आज आल्या असतील तर त्यांच्यासाठी. निरोगी मांजराला सहसा अंघोळ लागत नाही. पिसवा असतील तर बारीक दातांची फणी फिरवा, ती साबणाच्या पाण्यात बुडवत जा. साबणाने पाण्याचा ताण मोडतो, पिसू तरंगत नाही, बुडते. अंगावर तेल, रंग असं काही सांडलं तरच धुवा. टबात चार बोटं कोमट पाणी, पायाखाली जुना टॉवेल, डोक्यावरून पाणी ओतायचं नाही, कानात जाऊ द्यायचं नाही. कुत्र्याच्या गोचिडांचं औषध चुकूनही लावू नका. त्यातल्या पर्मेथ्रिनने मांजराला झटके येतात, जीवही जातो.

मनी त्यानंतर चार वर्षं जगली. न्हाणीत बादली सरकवल्याचा आवाज आला, की ती माळ्यावर जाऊन बसायची, आणि मी घराबाहेर पडेपर्यंत खाली उतरायची नाही.