आखाती देशात नोकरीला जाताय? घरी स्वस्तात फोन कसा करायचा, वाचा सविस्तर

रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्गातल्या कित्येक घरांतला एक तरी माणूस दुबई, सौदी, मस्कत किंवा कतारला आहे. पहिल्यांदा जाणाऱ्याला वाटतं, व्हॉट्सॲप आहे की, फोनचा काय प्रश्न! पण दुबईत उतरल्यावर व्हॉट्सॲप कॉल लागत नाही आणि इकडे घरचे काळजीत पडतात. म्हणून या गोष्टी निघण्याआधीच करून ठेवा.

दुबईत व्हॉट्सॲप कॉल का लागत नाही?
दुबई, अबुधाबी, शारजा हे भाग ज्या यूएई देशात येतात, तिथे इंटरनेटवरून कॉल करायला सरकारी परवानगी असलेलीच ॲप चालतात. व्हॉट्सॲपचा व्हॉइस आणि व्हिडिओ कॉल तिथे बंद आहे. मेसेज, फोटो आणि रेकॉर्ड करून पाठवलेला आवाज मात्र जातो. आई-वडिलांना वाचता येत नसेल तर आवाज रेकॉर्ड करून पाठवणं हा सगळ्यात स्वस्त मार्ग.

मग बोलायचं कसं?
तिथे बोटिम हे परवानगी असलेलं ॲप खूप जण वापरतात. ते दोन्हीकडच्या मोबाईलमध्ये लागतं. त्यामुळे जायच्या आधीच घरच्यांच्या फोनमध्ये टाकून द्या आणि एकदा कॉल करून दाखवा. तिथलं सिम घेताना इंटरनेट कॉलिंगचा वेगळा पॅक लागतो का, हे दुकानातच विचारा.

सौदीने २०१७ मध्ये इंटरनेट कॉलवरची बंदी उठवली. तरी कुठल्या देशात कुठलं ॲप नीट चालतं, हे तिथे असलेल्या आपल्या माणसाला विचारूनच जा.

व्हीपीएन टाकू नका
खोलीतला कोणीतरी सांगतो, 'व्हीपीएन टाक, सगळं चालतं.' यूएईत व्हीपीएनचा गैरवापर करून गुन्हा केला तर कायद्यात ५ लाख ते २० लाख दिरहम दंड आहे. फुकटच्या कॉलसाठी नोकरी धोक्यात घालू नका.

इकडचं सिम बंद पडू देऊ नका
बँकेचा ओटीपी याच नंबरवर येतो. प्रीपेड सिम ९० दिवस अजिबात वापरलं नाही आणि शिल्लकही नसेल, तर नंबर बंद होऊन पुढे दुसऱ्याला मिळू शकतो. तेव्हा घरच्यांना वेळेवर रिचार्ज करायला सांगा. तिकडे गेल्यावर या सिमचं डेटा रोमिंग बंद ठेवा. रोमिंगमध्ये आलेला फोन उचलला तरी पैसे कटतात, हे लक्षात असू द्या. व्हॉट्सॲपचा नंबर बदलायची गरज नाही, जुन्याच नंबरवर ते चालतं.

घरच्यांनी काय करावं?
• नंबर देशाच्या कोडसह सेव्ह करा: यूएई +९७१, सौदी +९६६, ओमान +९६८, कतार +९७४, कुवेत +९६५, बहरीन +९७३. तिकडून भारतात लावताना +९१, आधी शून्य नको.
• वेळ पाहून फोन करा. यूएई आणि ओमान आपल्यापेक्षा दीड तास मागे, तर सौदी, कतार, कुवेत, बहरीन अडीच तास मागे. आपल्याकडे सकाळचे ७ वाजले की सौदीत पहाटेचे साडेचार.
• साधा फोन लावायचा असेल तर आधी आयएसडी पॅक आणि मिनिटाचा दर बघा. पॅक नसताना बोललात तर बॅलन्स बघता बघता संपतो.
• नेट कमी असेल तर व्हिडिओ सोडा, नुसतं बोला. डेटा बराच वाचतो.
• अनोळखी परदेशी नंबरचा मिस्ड कॉल आला तर उलट फोन लावू नका, महागडा कॉल लागून पैसे जातात. 'तुमचा मुलगा अडचणीत आहे, पैसे पाठवा' असा फोन आला तर आधी मुलाच्या नेहमीच्या नंबरवर खात्री करा. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर कळवा.

निघण्याआधी एक कागद
कंपनीचं नाव, खोलीचा पत्ता, सोबत राहणाऱ्या दोघांचे नंबर आणि भारतीय दूतावासाचा नंबर कागदावर लिहून घरात ठेवा. मुलाचा फोन दोन दिवस लागला नाही तर हाच कागद कामाला येतो.

तुमच्या गावातून कोणी आखातात निघालं असेल तर ही माहिती त्यांच्यापर्यंत नक्की पोहोचवा.