शोधमर्यादा
एखादा पदार्थ नमुन्यात आहे असे उपकरणाच्या आधारे खात्रीने सांगता येईल, अशी त्याची किमान मात्रा. त्यासाठी कोरा, म्हणजे तो पदार्थ नसलेला नमुना पुनःपुन्हा मोजतात. त्या आकड्यांच्या सरासरीहून तीन प्रमाण विचलने वर गेलेला संकेत खरा धरतात. त्याखालचा संकेत यंत्राच्या गोंगाटातून वेगळा ओळखता येत नाही. नेमकी मात्रा सांगायला सहसा दहा विचलने लागतात.

डिसेंबर २०२४ अखेरीस बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात, बोंडगाव-कालवड भागात लोकांचे केस मुठीने गळू लागले. आधी संशय पाण्यावर गेला. पुढे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रक्त, लघवी व केसांत सेलेनियम वाढल्याचे दाखवले. अशा तपासणीत कोरा नमुनाच अस्वच्छ असेल, तर शोधमर्यादा चुकते आणि महागडे यंत्रही फसते. मर्यादेखालचा निकाल शून्य नव्हे. अहवालात तो ‘आढळला नाही’ असा नोंदवतात.